रेड रॉकची केबिन आणि उजनीचे बाबा

आयोवात राहणाऱ्यांकडे भारतातून आई-बाबा आले की पहिला प्रश्न पडतो की यांना दाखवायचं काय. शिकागो पाच-सहा तासांवर, नायगारा म्हणजे दोन दिवस गाडीत बसणं, न्यूयॉर्कला विमानानं जायचं तर सहा जणांची तिकिटं आणि हॉटेलचं भाडं, आणि तिथे जाऊन तरी काय, उंच बिल्डिंगकडे मान वर करून बघायचं आणि पाय दुखले की बेंच शोधायचा. माझे सासू-सासरे इंदापूरकडचे, भिगवणच्या जवळ शेती आहे, बाबा पाटबंधारे खात्यातून कालवा निरीक्षक म्हणून रिटायर झालेत. त्यांना मॉल, डाउनटाउन असल्या गोष्टींत काडीचा इंटरेस्ट नाही हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. वेस्ट डे मॉइनच्या घराच्या मागे मक्याचं शेत आहे, बाबा रोज सकाळी तिथे जाऊन उभे राहायचे आणि परत येऊन सांगायचे की याला पाणी कुठनं देतात तेच दिसत नाही.

तर मी ठरवलं की यांना तळ्याकाठी केबिनमध्ये न्यायचं. आमच्या ग्रुपमध्ये विचारलं तर अर्ध्या लोकांनी "अगं म्हाताऱ्या माणसांना कॅम्पिंग कसं झेपेल" असं लिहिलं, बाकीच्यांनी विस्कॉन्सिन डेल्सच्या वॉटरपार्कची लिंक पाठवली. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितेय, कारण दर उन्हाळ्यात कुणाचे ना कुणाचे आई-बाबा येतात आणि तोच प्रश्न पुन्हा येतो.

केबिन हा शब्द बघून लगेच बुक करू नका, आधी वर्णन वाचा. इथे मिडवेस्टमध्ये केबिन म्हणजे काहीही असू शकतं. मुलं लहान असताना आम्ही चौघं मिनेसोटात इटास्काला गेलो होतो, १८९१ साली झालेलं स्टेट पार्क, जिथे मिसिसिपी नदी तळ्यातून निघते आणि दगडांवर पाय ठेवून ती चालत ओलांडता येते. तिथली कॅम्पर केबिन म्हणजे एक लाकडी खोली, बंक बेड, गाद्या, बाहेर जाळीचा व्हरांडा, संपलं. नळ नाही, संडास नाही, आत स्वयंपाक करायची परवानगी नाही. आंघोळ आणि बाकी सगळं कॉमन शॉवर हाउसमध्ये, रात्री टॉर्च घेऊन जायचं. आम्हाला मजा आली, पण गुडघे दुखणाऱ्या सासूबाईंना रात्री दोनदा तिकडे नेणं काही खरं नव्हतं. दुसरं टोक म्हणजे रिसॉर्टछाप केबिन, ज्यात टीव्ही, हॉट टब, डिशवॉशर सगळं असतं आणि भाडं ऐकून बाबा म्हणाले असते की त्यापेक्षा घरीच बरं. मधे एक तिसरा प्रकार असतो, एकच खोली किंवा दोन खोल्या, छोटं किचन, आत बाथरूम, एसी-हीटर, बाहेर शेकोटी पेटवायला लोखंडी रिंग आणि पिकनिक टेबल. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हाच बघायचा.

आणि हा प्रकार आयोवात सगळ्यात चांगला मिळतो तो काउंटी पार्कांमध्ये. आपल्या लोकांना स्टेट पार्क माहीत असतात, नॅशनल पार्क तर पाठ असतात, पण काउंटी पार्काकडे कुणी बघत नाही. १९५५ च्या एका कायद्यानं आयोवातल्या काउंट्यांना स्वतःचं कॉन्झर्वेशन बोर्ड काढता आलं आणि आज ९९ च्या ९९ काउंट्यांत अशी बोर्डं आहेत, म्हणजे आपल्याकडे प्रत्येक जिल्हा परिषदेनं तळी, जंगलं आणि राहायच्या खोल्या चालवाव्यात तसं. माय काउंटी पार्क्स नावाच्या एकाच वेबसाइटवर बहुतेक काउंट्यांच्या केबिन दिसतात, नकाशावर क्लिक करायचं, तारखा टाकायच्या, फोटो बघायचे. फोटोंपेक्षा खालची बारीक अक्षरं महत्त्वाची. वीकेंडला कमीत कमी दोन रात्री घ्याव्या लागतात का, चादरी देतात का (जवळजवळ कुठेच देत नाहीत), भांडी आहेत का, कॅन्सल केलं तर किती पैसे परत मिळतात, आणि व्हीलचेअरची रॅम्प असलेली केबिन कुठली. ही शेवटची गोष्ट मी मुद्दाम सांगतेय, कारण रॅम्पवाल्या केबिनला पायऱ्या नसतात आणि बाथरूममध्ये धरायला दांडा असतो. आईंना त्या दांड्याचा इतका आधार वाटला की घरी आल्यावर त्यांनी मुलाला तसाच बसवायला लावला. आम्ही फोन करून विचारलं की व्हीलचेअर नाही पण गुडघ्यांचा त्रास आहे, चालेल का, तर पलीकडच्या बाई म्हणाल्या की रिकामी आहे तोपर्यंत घ्या की.

आम्ही निवडलं ते मॅरियन काउंटीतलं कॉर्डोव्हा पार्क, लेक रेड रॉकच्या काठावर, आमच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर. रेड रॉक हे आयोवातलं सगळ्यात मोठं तळं, पंधरा हजार एकरांच्या आसपास पाणी. तळं म्हणतात पण ते खरं तर धरणाचा जलाशय आहे, डे मॉइन नदीवर आर्मी कोअरनं, म्हणजे अमेरिकन लष्कराच्या इंजिनिअर विभागानं बांधलेलं धरण, १९६९ साली पूर्ण झालं. हे मी बाबांना मुद्दाम सांगितलं नव्हतं.

तारीख निवडताना दोन गोष्टी बघा. ऑगस्टच्या मध्यात जवळच्या नॉक्सव्हिल गावात स्प्रिंट कारच्या मोठ्या रेसेस असतात, नॉक्सव्हिल नॅशनल्स, त्या दिवसांत आसपासची खोली, केबिन, तंबूची जागा सगळं फुल असतं. आणि सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी लेबर डे झाला की अचानक सगळं रिकामं होतं, शाळा सुरू झालेल्या असतात, बोटींचा आवाज कमी होतो, हवा छान असते. आम्हाला विसर्जनानंतरचा वीकेंड मिळाला. त्यावर आईंचं म्हणणं की पितृपक्ष लागलाय, या दिवसांत कुणी फिरायला जातं का. बाबा म्हणाले, "आपण काय नवीन घर घ्यायला चाललोय का?" तेवढ्यावर विषय मिटला, पण आईंनी डबाभर भाजणी आणि तिळाची चटणी घेतली ती बहुधा पितरांच्या नावानंच.

सामानाचं थोडक्यात सांगते. चादरी, उशा, पांघरुणं, टॉवेल घरूनच. तवा आणि कुकर घरचा, कारण केबिनमधल्या भांड्यांवर माझा विश्वास नाही. डासांचा स्प्रे. पूर्ण पायाचे मोजे आणि पँट, गवतात टिक म्हणजे गोचिड असतात, फिरून आलं की मुलांचे कान, मान, काखा तपासायच्या. तीन-तीन पानं असलेली, अंगाला लागली की खाज सुटणारी पॉयझन आयव्ही मुलांना फोटो दाखवून ओळखायला शिकवली होती. लाकडं मात्र घरून नेऊ नका. एमराल्ड अॅश बोरर नावाचा एक हिरवा चमकणारा किडा आहे, आशियातून आलेला, २००२ साली मिशिगनमध्ये पहिल्यांदा सापडला आणि सरपणातून गावोगाव पसरला, त्यानं अॅशची झाडंच्या झाडं मारली. म्हणून जिथे जाळायचं तिथूनच लाकूड घ्या असं सगळीकडे बोर्ड असतात. रस्त्याच्या कडेला लोकांच्या घरापुढे मोळ्या रचलेल्या असतात, शेजारी पत्र्याचा डबा, पैसे टाकायचे आणि मोळी उचलायची, बघायला कुणी नसतं. बाबांनी त्या डब्याकडे बराच वेळ बघितलं आणि विचारलं, "आन् डबाच कुणी नेला तर?"

शुक्रवारी शाळा सुटल्यावर निघालो. वाटेत केसीजमध्ये थांबलो, गॅस स्टेशनचा पिझ्झा हा आयोवाचा कुळाचार आहे, ज्यांना पटत नाही त्यांनी खाऊन बघावा. केबिनची किल्ली वगैरे काही भानगड नसते, इमेलमध्ये दाराचा नंबर येतो तो दाबायचा. आत गेलो तर लाकडाचा वास, एक डबल बेड, बंक बेड, एक पलंग होणारा सोफा, छोटा ओटा, फ्रिज, आणि समोरच्या मोठ्या खिडकीतून झाडांच्या पलीकडे पाणी. गाद्यांना प्लास्टिकचं कव्हर असतं, कूस बदलली की कुरकुर आवाज येतो, चादरीखाली घरची एखादी जाड गोधडी टाकली की आवाज बंद. आईंनी सगळ्यात आधी ओटा पुसला, मग कपाटं उघडून बघितली, मग म्हणाल्या की बरंय, आपल्या रानातल्या खोलीसारखंच आहे, फक्त इथे फ्रिज आहे.

बाबा तोपर्यंत बाहेर जाऊन पाण्याकडे बघत होते. आले ते सरळ विचारलं, "हे धरण आहे का? फुगवटा दिसतोय." मी आणि नवरा एकमेकांकडे बघतच राहिलो. तळं आणि धरणाचा फुगवटा यातला फरक त्यांना काठावरच्या वाळलेल्या झाडांवरून आणि गाळाच्या रेषेवरून कळला म्हणे. त्यानंतर वीकेंडचा कार्यक्रम बाबांनी हातात घेतला.

शनिवारी सकाळी आधी टॉवर. कॉर्डोव्हा पार्कात जुन्या पाण्याच्या टाकीचा टॉवर आहे, शंभर फुटांहून उंच, त्याला बाहेरून गोल फिरत जाणारा फायबरग्लासचा जिना लावलाय, १७० पायऱ्या. आई खाली बसल्या, आम्ही चढलो, वारा सुटला की जिना किंचित हलतो, माझ्या पोटात गोळा आला आणि मुलगा मुद्दाम उड्या मारत होता. बाबा न थांबता वर गेले, जेजुरी चढणाऱ्या माणसाला याचं काय. वरून सगळा जलाशय दिसतो, पश्चिमेला १४ नंबरच्या रस्त्याचा लांबलचक पूल ज्याला इथले लोक माइल लाँग ब्रिज म्हणतात, आणि तळ्याच्या दोन्ही बाजूंना मका आणि सोयाबीन. बाबांनी मला विचारलं की गावं किती गेली. मला हे माहीत होतं कारण बुकिंग करताना वाचलं होतं. रेड रॉक, कॉर्डोव्हा, रूसो, डनरीथ अशी छोटी छोटी गावं या पाण्याखाली गेलीत, आपण उभे होतो त्या पार्काचं नावही त्यातल्याच एका गावाचं. मी नावं सांगत गेले आणि बाबा मान हलवत राहिले. बाबांचं आजोळ उजनीत गेलंय. पळसदेवचं जुनं देऊळ उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं, तेव्हा ते अजूनही एकदा जाऊन येतात.

मग धरणावर गेलो. खाली नदीकाठी पार्किंग आहे, लोक गळ टाकून बसलेले असतात, अगदी धरणाच्या पायथ्याशी जाता येतं. बाबांना सगळ्यात मोठा धक्का इथे बसला. नवरा फोनवर वाचून सांगत होता की हे धरण मुख्यतः पूर अडवण्यासाठी आहे, म्हणजे एरवी पाणी ठरलेल्या पातळीपर्यंतच ठेवतात आणि वरची मोठी जागा रिकामीच ठेवतात, पूर आला की ती भरते आणि मग हळूहळू सोडून देतात. बाबा म्हणाले, "म्हणजे धरण बांधून रिकामं ठेवायचं?" त्यांचं सगळं आयुष्य ११७ टीएमसीचं उजनी कधी भरतंय याकडे डोळे लावून गेलेलं, पंधरा ऑगस्टपर्यंत किती टक्के झालं, कालव्याला आवर्तन कधी सुटणार, शेपटाकडच्या शेतकऱ्याला पाणी पोचणार का, आणि इथे लोक धरण भरू नये म्हणून धडपडतात. मग पुढचा प्रश्न, कालवा कुठाय. कालवा नाहीच. या भागातला मका पावसावर येतो, काळी खोल जमीन ओल धरून ठेवते, उलट जास्तीचं पाणी जमिनीखालच्या पाइपातून बाहेर काढून द्यावं लागतं. आमच्या मागच्या शेताचं कोडं इथे सुटलं. बाबा बराच वेळ गप्प होते, मग एवढंच म्हणाले की इथे माझी नोकरीच नसती.

१९९३ च्या महापुरात हे धरणही कडेपर्यंत भरलं होतं. पाणी चढलं की काठावरचे कॅम्पग्राउंड, बोटी उतरवायचे रॅम्प पाण्याखाली जातात, म्हणून वसंत ऋतूत किंवा जूनमध्ये खूप पाऊस झाला असेल तर जायच्या आधी फोन करून विचारा. केबिन उंचावर असतात, त्यांना सहसा काही होत नाही, पण बीच बंद असू शकतो.

बीचचं आलंच आहे तर सांगते, पोहण्याचा प्लॅन करून आयोवात तळ्यावर जाऊ नका. शेतातली खतं आणि जनावरांचं शेण पावसाबरोबर पाण्यात येतं, उन्हाळ्यात हिरवं शेवाळ माजतं, त्यात विषारी प्रकारही असतो. मेच्या शेवटापासून लेबर डेपर्यंत स्टेट पार्कांच्या बीचवरचं पाणी दर आठवड्याला तपासतात आणि खराब निघालं की पोहू नका असा बोर्ड लागतो, वेबसाइटवरही असतं. लेबर डेनंतर तर ते तपासणंही संपतं. आमच्या मुलांनी फक्त दगड फेकले आणि काठावर शिंपले गोळा केले, नंतर साबणानं हात धुतले. स्वच्छ निळं पाणी हवं असेल तर आयोवाच्या वायव्य कोपऱ्यात ओकोबोजीला जा, हिमनदीनं कोरलेलं खोल तळं आहे, पण तिथल्या केबिनचे भाव आणि गर्दीही तशीच.

दुपारी पेलाला गेलो, जवळच आहे. १८४७ मध्ये हॉलंडहून आलेल्या लोकांनी वसवलेलं गाव, चौकात पवनचक्की, रंगीत दारं-खिडक्या. जार्स्मा बेकरीत बदामाचं सारण भरलेले एस आकाराचे डच लेटर मिळतात, आईंना ते आवडले, त्या म्हणाल्या करंजीचं सारण इतकं ओलं कसं ठेवतात ते विचार. अंडं असतं का तेही विचारायचं होतं पण मी नाही विचारलं. मे महिन्यात इथे ट्युलिपचा उत्सव असतो तेव्हा पाय ठेवायला जागा नसते.

संध्याकाळचा स्वयंपाक बाहेर. केबिनच्या आत फोडणी दिली की स्मोक अलार्म वाजतो, सगळ्यांचा वाजतो, त्यामुळे आत फक्त भात आणि बाहेर ग्रिलवर बाकीचं. कोळशावर वांगी भाजली, भरीत झालं. कणसं वाटेतल्या गाड्यावरून घेतली होती, सीझन संपत आलेला, भाजून लिंबू-तिखट-मीठ. आईंचं मत की हा मका नाही, साखर आहे. मला स्वीटकॉर्न आवडतं पण गावरान कणसाला जो चिवटपणा असतो तो नाहीये हे खरंय. भाकरी थापायला परात नव्हती तर आईंनी कुकरच्या झाकणावर पीठ मळलं आणि पिकनिक टेबलवर प्लास्टिकचा कागद अंथरून थापल्या.

वासानं शेजारचे आजोबा आले. पलीकडे कॅम्पग्राउंडमध्ये मोठमोठ्या आरव्ही, म्हणजे चाकांवरची घरं, लागलेल्या असतात, रिटायर झालेली जोडपी आठवडा-आठवडा राहतात. हे गृहस्थ मॅरियन काउंटीतलेच, शेती आता मुलगा करतो, घर वीस मिनिटांवर आहे तरी तळ्यावर राहायला आलेले. मला आधी गंमत वाटली, मग लक्षात आलं की रानात काम नसताना बाबा पण उजनीच्या काठावर जाऊन बसतातच की. दोघं खुर्च्या टाकून बसले आणि आम्ही आलटून पालटून दुभाषी. एकरी किती निघतो? दोनशे बुशेल. नवऱ्यानं हिशेब करून सांगितलं की साधारण पन्नास क्विंटल. बाबांनी डोळे मोठे केले. उसाला एकरी टन किती? पन्नास निघाले तर चांगलं म्हणायचं. आजोबांनी डोळे मोठे केले. मग कळलं की इथला मोठा वाटा इथेनॉलच्या कारखान्यांना जातो, आणि बाबा म्हणाले आमचा पण आता इथेनॉललाच जायला लागलाय. दोघांनी सरकारच्या इथेनॉल धोरणावर आपापल्या भाषेत टीका केली, तेवढी भाषांतर करायची गरज पडली नाही. आजोबांनी भाकरी खाल्ली, ठेचा खाऊन पाणी प्यायले, आणि जाताना म्हणाले की सकाळी सहाला पुलाच्या बाजूला जा, पेलिकन आलेत.

रात्री पाऊस आला. मिडवेस्टचा पाऊस म्हणजे आधी लांबवर नुसत्या विजा चमकतात, अर्धा तास आवाज नाही, मग एकदम सगळं अंगावर येतं. फोन कोकलायला लागले, वादळाचा वॉच. इथे हे दोन शब्द नीट समजून ठेवा, वॉच म्हणजे वादळ होऊ शकतं, लक्ष ठेवा, आणि वॉर्निंग म्हणजे झालंय, आत्ताच्या आत्ता आसऱ्याला जा. लाकडी केबिन हा टोर्नेडोत आसरा नाही. पोचल्या पोचल्या पहिलं काम म्हणजे पक्की इमारत कुठली आहे ते बघून ठेवायचं, बहुतेक ठिकाणी काँक्रीटचं शॉवर हाउस हाच निवारा असतो. ऑगस्ट २०२० मध्ये आयोवात डेरेचो, म्हणजे लांबवर सरळ रेषेत झोडपत जाणारं वादळ, आलं होतं, सीडर रॅपिड्सकडे वाऱ्याचा वेग ताशी १४० मैलांपर्यंत गेल्याचा अंदाज आहे, त्या दिवशी कॅम्पिंगला असलेल्या लोकांच्या गोष्टी ऐकल्यात त्यामुळे मी याबाबतीत गंमत करत नाही. बूट दाराशी, गाडीची किल्ली खिशात, आईंना कुठल्या बाजूनं न्यायचं ते ठरवून आम्ही जागे बसलो. तासाभरात सगळं उत्तरेकडून निघून गेलं. सकाळी बघितलं तर बाहेर टेबलावर राहिलेली भाकरीची चवड गायब आणि चिखलात रॅकूनचे बाळाच्या हातासारखे ठसे. ठेच्याला त्यांनी तोंड लावलं नव्हतं.

सहाला कुणाचाही उठायचा विचार नव्हता, बाबा सोडून. ते आणि मी गेलो. पुलाच्या बाजूच्या उथळ पाण्यात पांढरे पेलिकन, शेकड्यांनी, उत्तरेतून दक्षिणेकडे जाताना ऑगस्टच्या शेवटापासून सप्टेंबरभर इथे उतरतात. एका रांगेत पोहत जाऊन मासे काठाकडे हाकतात आणि मग सगळे एकदम चोच खाली घालतात. आकार इतका मोठा की उडताना पंखांचा आवाज येतो. बाबा म्हणाले भिगवणला रोहित पक्षी (फ्लेमिंगो) येतात ते एका पायावर नुसते उभे असतात, हे कामाचे दिसतात. मी त्यांना खुर्ची काढून दिली, थर्मासमधला चहा दिला, आणि खरं सांगते, लग्नाला इतकी वर्षं झाली पण बाबांशी एवढ्या गप्पा मी पहिल्यांदाच मारल्या, बहुतेक सगळ्या माशांवर. इथला क्रॅपी कसा लागतो, कॅटफिशला वास येतो का, चिलापी मिळते का. त्यांना गळ टाकायचा होता, पण सोळा वर्षांवरच्या सगळ्यांना लायसन लागतं, पाहुण्यांना पण. एका दिवसाचंही मिळतं आणि फोनवरून काढता येतं, फक्त आम्हाला अकराच्या आत केबिन सोडायची होती. मुलाला वयामुळे लायसन लागत नाही, त्यानं अर्धा तास गळ टाकला, बाबांनी मागून सूचना दिल्या, काही लागलं नाही.

केबिन सोडताना झाडून पुसून, भांडी धुऊन, फ्रिज रिकामा करून, कचरा नेऊन टाकायचा असतो, यादी दारामागे लावलेली असते. आईंनी ओटा येतानाही पुसला होता आणि जातानाही पुसला, वर कपाटात आमची उरलेली मिठाची पुडी पुढच्या माणसाला उपयोगी पडेल म्हणून ठेवली. ती ठेवायची नसते हे मी त्यांना सांगितलं नाही.

गाडीत बाबांना नायगाराचं विचारलं. ते म्हणाले पाणी पडताना काय बघायचं, अडवलेलं बघितलं की. मग त्यांना कुणी सांगितलं कोण जाणे, बहुतेक त्या शेजारच्या आजोबांनीच, की डिसेंबर-जानेवारीत सगळं तळं गोठतं पण धरणाच्या खाली पाणी वाहतं राहतं आणि तिथे मासे खायला टकले गरुड जमतात, झाडाझाडावर बसलेले असतात. काही केबिन हिवाळ्यातही चालू असतात, हीटर असतो, भाडंही कमी. आता बाबांना ते बघायचंय. त्यांचं परतीचं तिकीट नोव्हेंबरचं आहे, सहा महिने राहायच्या परवानगीचा स्टॅम्प त्यानंतर संपतो, आणि नवरा कालपासून एक्स्टेन्शनचा फॉर्म वाचत बसलाय.